पुरात बुडालेला सप्लाय आणि संध्याकाळचा हम : सांगलीतल्या शॅकमधल्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीजेचं जेवण मिरजेला ताईकडे. साडेसहाला विश्रामबागेत परत, सातला शॅकमध्ये, म्हणजे माझ्या हॅम रेडिओच्या खोलीत, रेडिओ चालू. चाळीस मीटरच्या बँडवर काका होतेच. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी अडवलं. "अरे, तुझ्या आवाजामागं भुंगा बसलाय. गेल्या आठवड्यातपण होता, पण दिवाळीच्या माळांचा म्हणून बोललो नाही. ओव्हर."

मी मोठ्याने बोललो की रिगचा (रेडिओ सेटचा) डिस्प्ले मिटतो आणि रिग नव्याने चालू होतो. आज दोनदा झालं. त्याला वीज देणाऱ्या सप्लायवरचा काटा मात्र १३.८ व्होल्टवरून ढळत नाही.

या वहीत आता रोज लिहायचं. २३ तारखेला पहाटे साडेपाचला सीक्यू वर्ल्ड वाइडची सीडब्ल्यू (मोर्स) स्पर्धा, हॅम लोकांची जागतिक स्पर्धा, सुरू होते. सूर्यावरच्या डागांचं चक्र शिखरावर आहे, दहा मीटर बँड दुपारी युरोपकडे सताड उघडा असतो, अशी वर्षं दर अकरा वर्षांनी येतात. त्यात सप्लायने मान टाकली तर रडायलाही तोंड उरणार नाही.

सप्लायची जन्मकुंडली आधी लिहून ठेवतो. काकांनी टेलिफोन खात्यात असताना स्वतः बांधलेला, लिनिअर, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरवाला. १८ व्होल्ट २५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ३५ अँपिअरचा ब्रिज, दहा हजार मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर, व्होल्टेज सांभाळणारा ७२३ आयसी, त्यापुढे एक ड्रायव्हर आणि हीट सिंकवर समांतर जोडलेले, भार वाहणारे चार २एन३०५५ ट्रान्झिस्टर. प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहमचा रेझिस्टर. शेवटी एससीआरचा क्रोबार, व्होल्टेज फार चढलं तर आउटपुट शॉर्ट करून रिग वाचवणारा. १३.८ व्होल्टला वीस अँपिअर. ७२३ हा फेअरचाइल्डचा १९६७ चा आयसी, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा, आणि आजही पेठेत चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीत मिळतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा काकांची खणभागातली तळमजल्याची खोली पाण्यात होती. रिग आणि वह्या माळ्यावर चढवल्या, सप्लाय जड म्हणून टेबलावरच राहिला. पाणी ओसरल्यावर त्यांनी तो स्वच्छ पाण्याने धुतला, पंधरा दिवस उन्हात ठेवला आणि चालू केला. चालला! नंतर मला देऊन टाकला. कॅबिनेटच्या वरच्या कडेपासून दोन बोटं खाली गाळाची तपकिरी रेघ अजून आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सात वाजता बेळगावच्या एका ओएमशी (ओल्ड मॅन, म्हणजे हॅम दोस्त) बोललो. हम, म्हणजे तो भुंगा, नाही, रिग बंद पडला नाही. संध्याकाळी साडेसातला तोच ओएम, तोच बँड, तीच पॉवर. भुंगा हजर.

सकाळ-संध्याकाळचा हा फरक मी लिहिला आणि दुर्लक्षित केला. डोक्यात "हम म्हणजे कपॅसिटर" एवढंच.

६ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसहून येताना पेठेतून दोन कपॅसिटर आणले आणि झाकण उघडलं.

उघडण्याआधी कपॅसिटर रिकामे करायचे. चाळीस हजार मायक्रोफॅरड, २४ व्होल्टला साडेअकरा ज्यूल साठवतात. शॉक बसत नाही, पण स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकला तर टोक वितळून चिकटतं. माझ्याकडचा एक स्क्रू ड्रायव्हर असाच बोथट आहे. शंभर ओहम, दहा वॅटचा रेझिस्टर मगरचिमट्यांनी लावला, चहा प्यायलो, मीटर शून्यावर.

चारांतले तीन ठीक. चौथ्याचं बूड किंचित फुगलेलं आणि ईएसआर (आतला रोध) ०.४ ओहम, बाकीच्यांचा मीटरवर नीट दिसतही नव्हता. बदलला. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना नेहमीप्रमाणे सिरीज बोर्डावर, शंभर वॅटचा पिवळा बल्ब मध्ये घेऊन. बल्ब क्षणभर पेटला आणि विझला, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग थेट.

आठ वाजता काका : "कमी झालाय. पण आहे."

९ नोव्हेंबर, शनिवार

आज अर्धा दिवस सप्लायला दिला, आणि लोडशिवाय मोजण्याला काही अर्थ नसतो हे स्वतःला तिसऱ्यांदा शिकवलं. मोकळ्या सप्लायचं व्होल्टेज बघून तो चांगला म्हणणं म्हणजे बसलेल्या बैलाचा दात बघून घेण्यासारखं. नांगराला जुंपल्याशिवाय कळत नाही.

लोड फुकटात मिळाला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे हेडलाइटचे, एच४ चे टाकाऊ बल्ब डब्यात पडलेले असतात. लो बीमची तार गेलेली, हाय बीमची शाबूत. साठ वॅटची तार, आपल्या व्होल्टेजला एकेक पाच अँपिअरच्या जरा वर खाते. सहा उचलले. "भाऊ, काय करताय ह्याचं?" म्हणाला. रेडिओ म्हटल्यावर त्याने अजून दोन दिले.

बल्ब लाकडी फळीवर लावले आणि एकेक करूनच जोडले, कारण थंड तारेचा रोध पेटलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याएवढाच असतो आणि सगळे एकदम लावले तर सप्लायला तो क्षणभर शॉर्टच वाटतो. डाव्या हाताची दोन बोटं काचेला लागली. फोड आलाय.

दुपारी एक, लाइन २२८ व्होल्ट, सप्लायच्या टर्मिनलवर :
काहीच नाही, १३.८२
एक बल्ब, १३.८१
दोन, १३.८०
तीन, १५.६ अँपिअर, १३.७८
चार, १९.६ अँपिअर, १२.३

चौथ्या बल्बाला सगळेच लालसर पडले. तीनपर्यंत घोडा आणि चौथ्याला गाढव. भर दुपारी, लाइन चांगली असताना. ट्रान्सफॉर्मर! पुरात भिजलेला आहे, वाइंडिंगमध्ये दम उरला नसणार. असं मी ठरवून टाकलं.

मग तीन बल्ब ठेवून मीटर रिगच्या प्लगवर लावला. टर्मिनलवर १३.७८, प्लगवर १२.५६. वायरीच्या दोन टोकांमध्ये सव्वा व्होल्ट हवेत! खरं तर हवेत नाही, वायरीत. तीन मीटरची वायर, जाऊन-येऊन सहा मीटर. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा रोध मीटरला साडेसात मिलिओहमच्या आसपास, म्हणजे ४४ मिलिओहम, १५.६ अँपिअरला ०.६९ व्होल्ट. उरलेला अर्धा व्होल्ट कुठे?

मीटर मिलिव्होल्टवर घेऊन तुकडा-तुकडा मोजला. निगेटिव्हच्या क्रिम्पवर ०.१६. पॉझिटिव्हच्या फ्यूज होल्डरवर ०.३४. त्या नखाएवढ्या होल्डरमध्ये पाच वॅटपेक्षा जास्त उष्णता जिरत होती, सोल्डरिंग आयर्नचा पाचवा हिस्सा. होल्डर हातात घेतला तर प्लास्टिक एका बाजूने बिस्किटासारखं तपकिरी झालेलं, आतली स्प्रिंग मऊ. फ्यूज बोटाने ढकलला की वेडावाकडा फिरतो. ही वायर पुरातली नाही, मीच दोन वर्षांपूर्वी घाईत केलेली. काकांना सांगणार नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

सहा स्क्वेअर एमएमची वायर, लांबी निम्मी. टेबल सप्लायकडे सरकवलं, एवढं साधं. गाडीतला पात्याचा फ्यूज दोन्ही वायरींना, लग क्रिम्प करून वर सोल्डरचा थेंब. आता तीन बल्बांवर टर्मिनल ते प्लग ०.२ व्होल्ट.

रिग बंद पडणं थांबलं. त्याला १३.८ च्या १५ टक्के खाली-वर चालतं, म्हणजे ११.७ ला तो पाय पसरतो. वायरीत दीड व्होल्ट आणि वर हमचे खड्डे, दोन्ही मिळून तिथे पोचत असणार.

संध्याकाळी भुंगा तसाच.

११ नोव्हेंबर, सोमवार

दरम्यान वापरायला एका मित्राचा स्विचिंग सप्लाय आणला होता. हाताला हलका, तीस अँपिअर. चाळीस मीटरवर दर साठ-एक किलोहर्ट्झवर एक घरघर, जी तापल्यावर बँडभर हळूहळू सरकत जाते. फेराइटच्या रिंगांवर डीसी आणि मेन, दोन्ही वायरींचे सात-आठ वेढे दिल्यावर दोन एस युनिट (रिगच्या सिग्नल मीटरवरचे दोन आकडे) कमी झाली. चांगले स्विचिंग सप्लायही असतात, हा त्यातला नाही. परत केला. आमचा बारा किलोचा धोंडा बरा, निदान हमशिवाय दुसरं व्यसन नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ट्रान्सफॉर्मर काढून रिवाइंडिंगवाल्या मामांकडे नेला. त्यांच्याकडे शेतीपंपांची रांग. माझा ट्रान्सफॉर्मर बघून आधी हसले, मग मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला, ५०० व्होल्टवर. प्रायमरी ते बॉडी, प्रायमरी ते सेकंडरी, काटा शंभर मेगओहमच्या पुढे.

"ह्याला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय."

"पण मामा, पुरात होता."

"पुरात आमच्याकडं हजार मोटरी आल्या. वाळवल्या की चालतात. वार्निश बघ की कसलं बसलंय. ज्यानं गुंडाळलाय त्यानं पैसे खाल्ले नाहीत."

पैसे घेतले नाहीत. ट्रान्सफॉर्मर स्कूटरवर पायांत ठेवून परत आणला.

रात्री बसून ४ तारखेची नोंद पुन्हा वाचली. सकाळी नाही, संध्याकाळी आहे. माणसाने स्वतःची वही वाचावी. मीटर भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवला : ७.४० ला १९६ व्होल्ट. साडेनऊला २१२. झोपताना २३५.

१३ नोव्हेंबर, बुधवार

रात्री एकला पाणी प्यायला उठलो आणि सवयीने बघितलं, २४८. आमच्या गल्लीचं व्होल्टेज दिवसात पन्नासने हलतं. तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. क्रमांक जपून ठेवलाय.

आज प्रचाराच्या रिक्षांमुळे कुणाचा हम कुठला ते कळायला मार्ग नव्हता. काही केलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

चौथ्या बल्बाचं कोडं सुटलं, आणि ते ट्रान्सफॉर्मरशी कणभरही संबंधित नव्हतं.

आज पाचवा बल्ब लावून बघितला. व्होल्टेज ८.२ वर घसरलं, पण क्लॅम्प मीटरवर करंट पुन्हा १९.६. जागचा हलला नाही. ट्रान्सफॉर्मर दमला असता तर करंटही हलला असता. करंट एका आकड्यावर खिळा ठोकल्यासारखा थांबतो याचा अर्थ कुणीतरी मुद्दाम थांबवतंय. ७२३ चं करंट लिमिट. हे मला ९ तारखेलाच दिसायला हवं होतं.

पण काकांनी लिमिट २६ ला ठेवलंय. त्यांची पद्धत अशी : पहिल्या २एन३०५५ च्या एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज ७२३ च्या २ आणि ३ नंबरच्या पायांना दिलंय. तिथे ०.६५ व्होल्ट आले की आयसी हात आखडतो. ०.१ ओहमवर ०.६५ व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर. चौघांनी ओझं सारखं वाटून घेतलं तर चार गुणिले साडेसहा, सव्वीस. आणि तिघांनीच वाटून घेतलं तर?

साडेएकोणीस.

चारही रेझिस्टरवर मीटर फिरवला, तीन बल्बांवर. ०.५२, ०.५१, ०.५३ आणि शेवटी ०.००. चौथा ट्रान्झिस्टर पगार घेतो, काम करत नाही.

काढून मीटरवर तपासला, निरोगी. मग हा बेकार कसा? २एन३०५५ च्या टीओ३ डब्यात कलेक्टर म्हणजे धातूचं अंगच. त्याला वेगळा पाय नसतो, जोडणी होते ती बसवायच्या स्क्रूमधून, नटाखालच्या लगने. चौथ्याचा नट घट्ट होता. सोडवला. लगच्या खाली, नखाने खरवडता येईल असा, चहाच्या रंगाचा पातळ थर. बोटावर घेऊन चोळला तर पिठूळ. कृष्णेचा गाळ, पाच वर्षं नटाखाली दाबून बसलेला, आणि त्याच्यासोबत स्क्रूच्या आट्यांमध्ये गंज. बाहेरून सगळं चकचकीत, कारण काकांनी धुताना बाहेरून ब्रश मारला होता. नट सोडवायचं त्यांना तरी कसं सुचणार!

काकांना फोन केला. पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग, "बाकीचे तीनपण सोड. त्यांच्याखाली पण असणार."

होता. दुसऱ्याच्या खाली कमी, तिसऱ्याच्या खाली नावाला. चारही काढले. लग पॉलिश पेपरने घासले, स्क्रू-नट-वॉशर नवे, अभ्रकाच्या चकत्या नव्या, दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट, पण वरणासारखी वाढून नाही, चकतीतून धातूचा रंग दिसेल इतकीच. प्रत्येक बसवल्यावर ट्रान्झिस्टरचं अंग आणि हीट सिंक यांच्यात मीटर. एकात बीप वाजला, अभ्रकाच्या भोकाशी धातूची कीस अडकलेली. तसाच चालू केला असता तर कच्चे २३ व्होल्ट हीट सिंकवर आणि तिथून जमेल तिथे.

रात्री साडेअकरा. चार बल्ब, १३.७६. पाच बल्ब, १३.७३, सव्वीसच्या जरा आत. बल्बांचा पांढरा उजेड भिंतीवर पडला, बायको उठून बघायला आली, म्हणाली लग्नाचा मांडव आहे का. पाच बल्ब मिनिटभरच ठेवले. ब्रिज-कपॅसिटरच्या सप्लायत सेकंडरीतला एसी करंट डीसीच्या दीडपट ते पावणेदोनपट भरतो, त्यामुळे २५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर सतत पंधरा-सोळा डीसीचाच धनी. एसएसबी (बोलणं), सीडब्ल्यूला वीस चालेल, एफटी८ (संगणकावरून चालणारी पद्धत) वर तासन्‌तास नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आता हम. पॉलिटेक्निकच्या लॅबमधल्या मित्राने डिमरस्टॅट (लाइनचं व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा) आणि जुना सीआरओ (ऑसिलोस्कोप) दिला, अट एकच, भडंगाचं एक पाकीट.

डिमरस्टॅटने लाइन हळूहळू उतरवत गेलो, सीआरओचा एक प्रोब कपॅसिटरवर, दुसरा आउटपुटवर. हे दृश्य ज्याने बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही, तरी लिहितो. कपॅसिटरवर करवतीचे दाते, सेकंदाला शंभर, प्रत्येक दाता चार व्होल्टांचा. खाली आउटपुटची सरळ रेघ. लाइन उतरते तशी करवत अख्खी खाली सरकते, रेघ मात्र हलत नाही. आणि मग एका क्षणी करवतीच्या दर खोलगट टोकाखाली रेघेला एक बारीक टोचा पडतो. अजून एक व्होल्ट उतरवा, टोचा खड्डा होतो. तो भुंगा हाच.

तीन बल्बांवर टोचे सुरू होतात २१८ ला. चार बल्बांवर २२८ लाच, म्हणजे भर दुपारीही काठावर. १९६ ला करवतीचं खालचं टोक १५.५ वर आणि आउटपुटमध्ये दीड-दोन व्होल्टांचे खड्डे.

कारण वहीवर मांडलं. आउटपुट १३.८, एमिटर रेझिस्टरवर अर्धा, २एन३०५५ चा बेस-एमिटर सुमारे एक, ड्रायव्हरचा ०.७. म्हणजे ७२३ ला आपल्या पायावर १६ व्होल्ट काढून द्यावे लागतात. आणि हा आयसी स्वतःसाठी वर तीन व्होल्ट मागतो. एकूण एकोणीस. करवतीचं टोक एकोणिसाखाली गेलं की ७२३ आंधळा होतो. पण खरा भार वाहणारे २एन३०५५ स्वतः सोळालाही चालतात! हे तीन व्होल्ट केवळ आयसीच्या मानपानाचे.

तर आयसीला वेगळं जेवायला घालायचं. त्याला लागतात पन्नास-एक मिलिअँपिअर. छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरड, आणि ७२३ चे ११ व १२ नंबरचे पाय तिकडे.

काकांना विचारलं. "मी बांधला तेव्हा लाइन २३० ची होती रे. कर तू."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात २४ व्होल्ट ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर तयार होता, १८ चा दोन दिवसांनी येईल म्हणाला. घेणार होतो. खिशातून पैसेही काढले. मग १३ तारखेचे २४८ आठवले. छोटे ट्रान्सफॉर्मर लोड नसताना छापल्यापेक्षा दहा-बारा टक्के जास्त देतात. २४ चे २७, गुणिले १.४१, वजा ब्रिजचा दीड, म्हणजे २३० ला ३६.७. लाइन २५० ला गेली की चाळीस. ७२३ ची कमाल मर्यादाही चाळीस. रात्री एकला, मी झोपेत असताना, आयसी गेला असता आणि त्याच्यामागे न जाणो काय.

१८ चा हिशोब : १९६ ला २३ च्या आसपास, २५० ला तीसच्या आत. दोन्ही टोकांना निवांत. मिरजेच्या दुकानात फोन केला, होता. ताईने ताब्यात घेऊन ठेवलाय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. आठला मतदान, नऊला मिरज, अकराला सोल्डरिंग.

छोट्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी मोठ्याच्या समांतर, त्याच स्विच आणि फ्यूजच्या मागे. हे महत्त्वाचं. मुख्य बाजूचा वीजपुरवठा एकटाच गेला आणि ७२३ जिवंत राहिला तर तो बिचारा बेस-एमिटरमधून अख्खा रिग स्वतःच्या जिवावर ओढायला बघेल आणि मरेल. दोघं एकदम चालू, एकदम बंद.

शिवाय दहा हजारचे आणखी दोन कपॅसिटर, एकूण साठ हजार. दाते चार व्होल्टांचे पावणेतीनवर आले. पहिल्यांदा थेट चालू केला तेव्हा फ्यूज उडाला, वाढीव कपॅसिटरचा पहिला घोट. त्याच अँपिअरचा स्लो-ब्लो घातला, टिकला.

संध्याकाळी साडेसातची वाट बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा व्होल्टेज पडावं म्हणून. १९७ झालं. चार बल्ब. सीआरओवर करवतीचं टोक सोळाच्या वर जेमतेम, आउटपुटची रेघ सरळ. डिमरस्टॅटने १९० पर्यंत ओढलं, तिथे अगदी काठावर आहे. १८८ ला टोचे पुन्हा.

काकांशी बोललो. मी दोन मिनिटं सलग बोलत राहिलो, काय बोललो आठवत नाही. "गेला," एवढंच म्हणाले, आणि मग त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सांगत बसले.

२४ नोव्हेंबर, रविवार रात्र

स्पर्धा. झोप साडेचार तास, म्हणून थोडक्यात.

शनिवारी पहाटे साडेपाचपासून चाळीस मीटरवर युरोप, सप्लाय शांत. ५९९ २२, ५९९ २२ (सिग्नलचा रिपोर्ट आणि भारताचा झोन). दुपारी बाहेर निकालाचे फटाके आणि गुलाल, आत पंधरा मीटर. २१ मेगाहर्ट्झवर पूर्ण पॉवरने की दाबली आणि सप्लायचा काटा १४.६ ला उडाला. पुन्हा दाबली, आणि सगळं काळंठिक्कर. क्रोबार पडला होता. स्विच बंद, मिनिटभर थांबून चालू, तर सगळं सुखरूप. चाळीस वॅटवर हे होत नव्हतं.

आरएफ, म्हणजे माझ्याच रेडिओ लहरी. २० तारखेला ७२३ च्या नव्या वायरी मी वीतभर लांब, मोकळ्या सोडल्या होत्या. त्यांनी अँटेनाचं काम केलं. १३.८ मोजणाऱ्या पायावर आरएफ शिरलं की आयसीची नजर चुकते, व्होल्टेज वर जातं, १५.७ ला क्रोबार आपलं कर्तव्य करतो. क्रोबारला मात्र मानलं. २एन३०५५ शॉर्ट झाला तर रिगला कच्चे २३ व्होल्ट जाऊ नयेत म्हणून तो आहे, आणि तो जागा आहे हे यानिमित्ताने कळलं.

रविवारी सकाळपर्यंत चाळीस वॅटवर खेळलो. मग वीस मिनिटं काढून ७२३ च्या ४ आणि ५ नंबरच्या पायांपासून ग्राउंडला ०.०१ च्या सिरॅमिक चकत्या, एससीआरच्या गेटला ०.१, आउटपुट टर्मिनलवर आणखी एक, वायरी पिळून आखूड. शंभर वॅट, काटा ढिम्म. दहा मीटरवर दुपारी साडेतीन ते सहा जे काही चाललं होतं त्याला मी अजून शब्द शोधतोय. एकूण ४१२ क्यूएसओ (संपर्क). पंधरा मीटरवर हुकलेल्या शनिवार दुपारचं दुःख वेगळं.

८ डिसेंबर, रविवार

काका घरी आले होते. सप्लाय उघडायला लावला, चष्मा कपाळावर चढवून चारही नट स्वतः हाताने हलवून बघितले. छोट्या ट्रान्सफॉर्मरकडे बोट करून, "हा हलतोय, खाली रबर टाक." टाकलं. मी कॅबिनेट रंगवायचं म्हणत होतो, त्यांनी विचारलं कशाला, तर मला उत्तर सुचलं नाही.

झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलं, पुढे ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी : ७२३ चा ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्ट. २४ चा लावू नये. चारही एमिटर रेझिस्टर मोजावेत. लिमिट फक्त पहिल्यावरून.

बाकी राहिलेलं : हीट सिंकवर पंखा, ऐंशी अंशाचा थर्मल स्विच मिळाला की. डिमरस्टॅट परत, भडंगासह. तक्रारीचं अजून काही नाही, काल संध्याकाळी १९४.